मधल्या सीटचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. पुढे तिघांपुरती एकच लांब सीट, मागे उघडा हौदा, आणि उजवा दिवा परवापरवापर्यंत मेलेला. रंग एके काळी हिरवा होता. आता ऊन लागतं तिथे तो पांढरट झाला आहे आणि पाणी साचतं तिथे गंजका. मला पाहून कुणी 'वा' म्हणत नाही आणि त्याचं मला फारसं काही वाटतही नाही. पत्र्यापर्यंत वाटणं उशिरा पोहोचतं. म्हणून ही हकिगतही मी जरा उशिरानेच सांगते आहे.

माझा जन्म उत्तरेकडे, डेट्रॉइटच्या एका कारखान्यात झाला. बाहेर बर्फ पडत होतं. तिथून मला मालगाडीवर चढवून खाली दक्षिणेत, अलाबामातल्या टकर्स बेंड नावाच्या गावात आणलं. एक चौक, दोन चर्च, एक गॅरेज, कधीचीच बंद पडलेली कापसाची गिरणी आणि सगळीकडे लाल माती. मिस्टर एझ्रा गँट यांनी मला घेतलं. भुईमुगाची शेती, लग्न केलेलं नाही, बोलणं बेताचं. एकोणचाळीस वर्षं मी त्यांच्याकडे नांदले. कलिंगडं वाहिली, खत वाहिलं, चर्चच्या खुर्च्या वाहिल्या. एकदा एक पियानो वाहिला, तो प्रत्येक खड्ड्याला आपणहून वाजत होता.

मिस्टर एझ्रांच्या दोन सवयी माझ्या अंगवळणी पडल्या. समोरून कुणीही आलं की ते स्टिअरिंगवरून हात न काढता दोन बोटं उचलायचे. समोरचाही उचलायचा. झाला नमस्कार. दुसरी सवय अशी, की समोरून अंत्ययात्रा आली की मला रस्त्यावरून गवतात उतरवायचं, इंजीन बंद करायचं, खाली उतरायचं आणि टोपी छातीशी धरून शेवटची गाडी जाईपर्यंत उभं राहायचं. गेलेला माणूस ओळखीचा असो वा नसो, शेंगा बाजारात न्यायला उशीर होत असो वा नसो. तसं टकर्स बेंडमध्ये सगळेच करतात, पण मिस्टर एझ्रा खाली उतरायचे. नंतर नंतर तर यात्रा दिसली की माझी चाकंच गवताकडे वळू लागली.

मग तेच गेले. मला पिकानच्या, म्हणजे अक्रोडासारख्या एका झाडाखाली उभं केलं आणि चार वर्षं कुणी किल्ली फिरवली नाही. रेडिओत गांधीलमाश्यांनी घर केलं. उजवा दिवा तेव्हाच गेला. वाईट वाटलं का, असं विचाराल तर आठवत नाही.

मार्च महिन्यात बसमधून डेल्फीन ओक्स उतरली. वय बावन्न, एक बॅग, एक डबा. मिस्टर एझ्रांची बहीण मिस ऑटिली शेजारीच राहते, तिनेच भावाचं घर विकायला काढलं होतं.

"घर हवं असेल तर गाडीही घ्यावी लागेल," मिस ऑटिली म्हणाली. "ती हलवायला माझ्याकडे माणूस नाही. तुमच्याकडे आहे का? नवरा?"

"नाही."

"मुलंबाळं?"

"नाही."

"चर्च कुठलं?"

"कुठलंच नाही."

"अहो, मग एखादं कुत्रं तरी?"

"नाही," डेल्फीन म्हणाली, "गाडी घेते."

ती डेट्रॉइटची निघाली. म्हणजे आमचं माहेर एकच. मला वाटलं होतं यावर आमचं काहीतरी जमेल. पण नवी बॅटरी बसली, तिचे हात स्टिअरिंगवर पडले आणि मला कळलं की या हातांत सध्या कुणीच राहत नाही. गार, सैल, जेवढ्यास तेवढे. मिस ऑटिलीने पहिल्याच आठवड्यात केक आणून दिला, तर हिने तिसऱ्या दिवशी ताटली स्वच्छ धुऊन परत केली. रिकामी! मिस ऑटिली ताटलीकडे बघतच राहिली. रस्त्यावर लोक मला पाहून जुन्या सवयीने बोटं उचलायचे. डेल्फीन बघायची आणि पुढे जायची.

डबा मात्र कायम बरोबर. खाकी रंगाचा, चौकोनी, पिठाच्या छोट्या डब्याएवढा. तो ती मधल्या सीटवर ठेवायची, पट्टा ओढून खटकन लावायची आणि मगच किल्ली फिरवायची. एकदाच ती त्याच्याशी बोलली. नांगरलेल्या शेताजवळ मला थांबवून म्हणाली, "आई, माती बघ. गोठलेली नाही."

डब्यात आई आहे हे मला तेव्हा कळलं, बाकीचं पुढे तिने मिस ऑटिलीला सांगितलं तेव्हा. आई याच मुलखातली, चार वर्षांची असताना उत्तरेत नेलेली. तिला इकडचं काहीच आठवत नव्हतं, फक्त लाल माती आणि ती पायाला कोमट लागते एवढंच. अकरा वर्षं अंथरुणात होती आणि सारखी सांगायची, मला गोठलेल्या जमिनीत ठेवू नकोस. आणि गेली नेमकी जानेवारीत. म्हणून डेल्फीनने तिची राख केली आणि कोमट माती शोधत इथवर आली. या गावात तिचं कुणी नव्हतं. घर रिकामं होतं, एवढंच कारण.

चर्चच्या दफनभूमीचा नकाशा मिस ऑटिलीकडे असतो. डेल्फीनने एकदा कुंपणापाशी विचारलं, "तिथे जागा कशी मिळते?"

"आधी मरावं लागतं," मिस ऑटिली म्हणाली. "आणि इथलं असावं लागतं."

डेल्फीन "बरं" म्हणाली आणि घरात गेली. डबा पुन्हा सीटवर आला.

जूनमधल्या एका मंगळवारी आम्ही औषधाच्या दुकानाकडे चाललो होतो. पुढच्या गाड्या एकेक करून गवतात उतरू लागल्या. माझी चाकं ओळखीने वळायला बघत होती, पण मित्रांनो, गाडीला स्वतःचा ब्रेक दाबता येत नाही. डेल्फीन सरळ निघाली. थांबलेल्या गाड्या एका बाजूला आणि समोरून दिवे लावून, जांभळी निशाणं लावून येणारी अंत्ययात्रा दुसऱ्या बाजूला. त्यांच्या मधून आम्ही धूळ उडवत गेलो. शवगाडी, तिच्या मागे घरची गाडी, मग बावीस गाड्या. गॅरेजवाल्या हॉबर्टच्या वडिलांची होती ती. आणि मी कुणाची, हे तर गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला आयुष्यात एवढं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. किराणा दुकानासमोर दोघी बायका माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तीच ना गं ती? बिचारी, देव तिचं भलं करो." आमच्याकडे हे वाक्य शिवीच्या जवळचं आहे. आणि मला पाहून उठणारी बोटं बंद झाली. डेल्फीनच्या ते लक्षातही आलं नाही.

शेवटी मिस ऑटिलीच आली. माझ्या हौद्याच्या फळीवर बसली, मांडीत वाटाण्याच्या शेंगा घेतल्या आणि सोलता सोलता म्हणाली, "मिस डेल्फीन, तुमच्याकडे मेलेल्या माणसाला वाट देत नाहीत का हो?"

"म्हणजे?"

"मंगळवारी. सगळे थांबले होते."

डेल्फीन म्हणाली, "मला वाटलं, ते मलाच वाट देतायत. मला वाटलं, चांगली माणसं आहेत."

मिस ऑटिलीचे हात थांबले. मग ती इतकी हसली की अर्धे वाटाणे माझ्या हौद्यात सांडले. "अगं बाई गं! माझा एझ्रा थडग्यात कूस बदलत असेल." त्या दिवसापासून ती डेल्फीनला 'अगं' म्हणू लागली. डेल्फीन हसली नाही. दारामागे जाऊन पाचेक मिनिटं उभी राहिली आणि किल्ली घेऊन परत आली.

आम्ही गॅरेजला गेलो. माझ्या इंजिनातून पाणी गळत होतं, तेही खरंच. हॉबर्टने "हो मॅडम", "नाही मॅडम" यापलीकडे शब्द काढला नाही. पाण्याची नळी बदलली, मग हात पुसायला फडकं शोधत माझं दार उघडलं आणि त्याला पट्टा लावलेला डबा दिसला.

"हे काय, मॅडम?"

"आई."

त्याने टोपी काढली. "कधीपासून?"

"जानेवारीपासून. मी तुमच्या वडिलांसाठी थांबले नाही. मला माहीत नव्हतं."

"मी पाहिलं. मी शवगाडीच्या मागच्याच गाडीत होतो." तो टोपी हातात फिरवत राहिला. "बाबा असते तर हसले असते. म्हणाले असते, चला, गावात कुणाला तरी घाई आहे. पण मी काही बाबा नाही. मला फार राग आला होता."

"हो," डेल्फीन म्हणाली.

"अजून आहे थोडा." मग तो आत जाऊन एक दिवा घेऊन आला आणि कुणी न सांगता माझा उजवा डोळा बसवला. "हिला अशी सीटवर किती दिवस फिरवणार? मिस ऑटिलीशी बोला. खरं काय ते सांगा."

डेल्फीनने सांगितलं. गावात आल्यापासून ती पहिल्यांदाच एवढं सलग बोलली, तेही बातम्या वाचाव्यात तशा आवाजात. मिस ऑटिली आधी "जाळलीस? आईला?" म्हणून गळ्यावर हात ठेवून बसली. आमच्याकडे जुनी माणसं अजून बिचकतात त्याला. मग जमिनीचं गोठणं ऐकून तिने हात खाली घेतला.

"एझ्राने दफनभूमीत दोन जागा धरून ठेवल्या होत्या," ती म्हणाली. "एक बायकोसाठी. बायको काही त्याने केली नाही. तुझी आई बोलकी होती का गं?"

"फार."

"मग बरंय. त्याला ऐकून घ्यायची सवय आहे, माझ्यामुळे."

शनिवारी सकाळी मिस ऑटिली पाद्रीबाबांना घेऊन पुढे गेली. डेल्फीन एकटीच निघणार होती. हॉबर्ट आला, वडिलांच्या यात्रेतलं एक जांभळं निशाण त्याने माझ्या बॉनेटवर लावलं आणि म्हणाला, "दिवे लावा. हळू चला. बाकी काही करायचं नसतं."

आम्ही निघालो. एक गाडी, एक बाई, एक डबा. पहिल्याच वळणावर समोरून ओंडक्यांचा ट्रक आला आणि एवढं मोठं धूड फुसफुसत गवतात उतरलं. त्याच्या मागची गाडी उतरली. मग आणखी दोन. एक म्हातारा खाली उतरून टोपी छातीशी धरून उभा राहिला. कोण चाललंय ते त्याला माहीत नव्हतं. डेल्फीन समोर बघत होती. तिने आरशात पाहिलं ते चर्चच्या वळणावर.

मागे नऊ गाड्या होत्या. आम्ही बैलगाडीच्या चालीने चाललो होतो आणि एकानेही आम्हाला ओलांडलं नव्हतं. मी वळले तशा त्याही वळल्या. कुणाच्या हौद्यात कोंबड्यांच्या खाद्याची पोती होती, एका बाईकडे दुकानातून आणलेलं आइस्क्रीम होतं. ती सगळी माणसं उतरली आणि लाल मातीभोवती उभी राहिली. आइस्क्रीम वितळून सीटवर सांडलं, तरी ती बाई हलली नाही.

काहीच वाटलं नाही, असं डेल्फीन नंतर मिस ऑटिलीला म्हणाली. असेल. पण आरशात पाहिल्यापासून फाटकापर्यंत तिचे हात माझ्या स्टिअरिंगवर घट्ट होते आणि ते गरम होते. हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

परतताना समोरून हॉबर्ट आला. त्याने दोन बोटं उचलली. डेल्फीनने बऱ्याच वेळाने एक उचललं. तोवर तो निघून गेला होता, पण उचललं.

मित्रांनो, माझं तेल वेळेवर बदला, मला उन्हात सोडू नका, हे तर प्रत्येक जुनी गाडी सांगेल. मला दुसरंच सांगायचं आहे. रस्त्यात कुणी फार हळू जात असेल, तर हॉर्न वाजवू नका. त्याच्या शेजारच्या सीटवर काय आहे, ते तुम्हाला मागून दिसत नाही. जमलं तर थोडं मागे मागे चला.

मधली सीट आता रिकामी आहे. डेल्फीन अजूनही आधी तिचा पट्टा ओढून खटकन लावते, आणि मगच किल्ली फिरवते.