माझ्या पोटातले सहा मंत्री

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाची, चित्राची एक जुनी चौकट. माझ्या पोटात सहा संरक्षणमंत्री आहेत. ते तिथे कसे राहिले, हे आठवले की आजही माझे सांधे करकरतात.

१९५५ साली रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या एका सैनिकी विद्यालयात येफिम लुकिच या सुताराने मला घडवले. चारही कोपरे त्याने खाचा पाडून, खिळ्याशिवाय जोडले. देशाच्या संरक्षणमंत्र्यांचे चित्र बसवून मला जिन्याजवळ टांगले गेले. ते महायुद्धातले विजयी सेनापती होते. येणारा-जाणारा कॅडेट मान ताठ करी. तो मान माझाही आहे, असे मला वाटे.

१९५७च्या ऑक्टोबरात हेच मंत्री परदेश दौऱ्यावरून परतले आणि लगोलग त्यांचे पद गेले. बातमी आली त्याच सकाळी मला खाली उतरवले. कालपर्यंत ज्यांना सलाम होत होते, त्यांचे नावही कोणी घेईना! मी सुन्न झाले.

नियम असा होता की, उतरवलेले चित्र भट्टीत जाळायचे आणि 'डोळ्यांदेखत जाळले' अशा दाखल्यावर तिघांनी सह्या करायच्या. भांडार सांभाळणारी विशीतली कापितोलिना येगोरोव्ना चित्र उचलून निघाली, तोच येफिमने तिला अडवले.

"ही बाहेरची भिंत आहे, पोरी. हिवाळ्यात ओल येऊन नव्या साहेबांच्या चित्राचा कागद फुगेल. पाठीशी पुठ्ठा घाल."

"पुठ्ठा मागवला तर वर्षाने येतो, लुकिच."

"मग हातातला काय वाईट आहे?"

तिने जुने चित्र नव्याच्या मागे सरकवले. दोघांनी दाखल्यावर सही केली. तिसरी सही एका तरुण लेफ्टनंटची हवी होती. तो घाईतच आला.

"जळलं ना एकदाचं? द्या कागद, मला कवायतीला उशीर होतोय."

पुढे हीच रीत पडली. नंतरचे तिघे मंत्री पदावर असतानाच वारले. पाचव्यांचे पद, एका परदेशी तरुणाने इवलेसे विमान थेट राजधानीच्या मध्यात उतरवल्यावर गेले. प्रत्येक वेळी मी हादरले, प्रत्येक वेळी दाखला झाला आणि माझे वजन वाढले. माझी कडी मात्र एकाच चित्राच्या भाराची होती.

१९९१च्या ऑगस्टात बंड फसले आणि त्यात सामील असलेले सहावे मंत्री अटकेत गेले. त्यांचे चित्र उतरले की नाही, हे पाहायला मॉस्कोहून एक जनरल आले. निवृत्तीला काही महिने उरलेली कापितोलिना शिडीवर चढली. तिचा हात लागला आणि कडी निखळली. मी दाणकन आदळले. काचेच्या तुकड्यांत सहा चेहरे पसरले.

जनरल ओरडले, "यातले पाच तर जळालेत ना? कागद तसं म्हणतो! नोकरी गेली तुमची, बाई. पेन्शनही विसरा!"

तिने फाइल पुढे केली. "माझ्या सह्या माझ्याच आहेत, कॉम्रेड जनरल. पण पहिल्या दाखल्यावरची तिसरी सही जरा चष्मा लावून वाचा."

त्यांनी वाचली. लेफ्टनंट ग्लेब वेर्शिनिन. जनरल वेर्शिनिन यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी... मी विचारलं होतं, जळलं ना म्हणून."

"विचारलंत. आणि उत्तर न ऐकताच कवायतीला पळालात."

मग जनरल गुडघ्यांवर बसले. काचा बाजूला सारून त्यांनी सहाही चित्रे क्रमाने माझ्यात ठेवली आणि नवा दाखला लिहायला घेतला: 'सहा चित्रे सापडली, चौकटीत सुरक्षित.' सही करण्यापूर्वी त्यांनी बोट टेकवून ती चित्रे दोनदा मोजली. कापितोलिनाला पेन्शन मिळाली.

आता मी भांडारात असते. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण 'डोळ्यांदेखत' या शब्दाखाली सही करायची वेळ आली, तर आधी भट्टीपर्यंत चालत जा.