एलिफंट क्रीकचा रोमन रस्ता

रोमन रस्ता कसा ओळखायचा हे मी कोणालाही चालता चालता शिकवू शकते. तो नाकासमोर सरळ जातो. मधे फुगीर असतो, दोन्ही बाजूंना चर असतात, आणि खणलं की थर लागतात: तळाला मोठे दगड, त्यावर लहान, त्यावर खडी. आसपासच्या जागांची नावंही तपासायची, कारण रस्ता गाडला गेला तरी नाव वर राहतं. हे सगळं मी दहावीच्या हिस्टरीच्या क्लासमध्ये शिकले, आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर कॅनडात, आमच्या कनाटा गावात, घरामागच्या झाडीत, मला अगदी असाच रस्ता सापडला.

रोमन लोक कॅनडात आले नव्हते, हे मला माहीत आहे. प्रत्येक जण मला ते सांगतो, म्हणून आधीच लिहून टाकते. माझी थिअरी अशी होती की दोनशे वर्षांपूर्वी इथे राहायला आलेल्या ब्रिटिश सैनिकांनी तो रोमन पद्धतीने बांधला. रस्ता ऐंशी मीटर लांब होता आणि थेट एलिफंट क्रीक नावाच्या ओढ्यात उतरत होता.

ओढ्याला हे नाव का, ते आमच्या इथल्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष मिस्टर फ्रेझर सांगतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका सर्कशीचा हत्ती तिथे बुडाला. मला त्यात एक खोट दिसली होती. १९८१च्या आधीच्या एकाही नकाशावर ते नाव नाही. मी तसं विचारलं, तर ते म्हणाले, "नकाशेवाले आळशी होते."

तरीही त्यांनी मला खणायला परवानगी मिळवून दिली, आणि शनिवारी लायब्ररीत भाषणाला बोलावलं. भाषणानंतर ओढ्याकाठी लावायच्या बोर्डाचं अनावरण. त्यावर एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला माझे सैनिक.

आता खरं सांगते. मागच्या वर्षी वर्गातल्या प्रेझेंटेशनला मी दुसऱ्या स्लाइडवरून थेट वॉशरूममध्ये पळाले होते. त्यानंतर मी डिबेट क्लबात गेले, आरशासमोर बोलले, बसमध्ये मनातल्या मनात बोलले. यंदा साठ माणसांसमोर पूर्ण भाषण करायचं आणि खाली बसायचं नाही, एवढंच मला हवं होतं.

एकच गोष्ट खटकत होती. माझे हेमचंद्र आजोबा रस्त्यांचे इंजिनियर. आयुष्यभर हायवे बांधले, लोकांच्या रस्त्यांत चुका काढल्या. मी घराच्या मागे रस्ता शोधला, तर ते धावत यायला हवेत ना? पहिल्या रविवारी म्हणाले, गुडघे दुखतात. दुसऱ्या रविवारी पोलनची ॲलर्जी. तिसऱ्या रविवारी त्यांना अचानक बेसमेंट आवरायचं होतं.

शुक्रवारी शाळेतून आले तर शंतनुआजोबा चहाला आलेले. तेही इंजिनियर, आजोबांचे पंचावन्न वर्षांपासूनचे मित्र. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला आणि खणलेल्या चराचे फोटो दाखवायला लागले. आजोबा जोरजोरात खोकत होते.

शंतनुआजोबांनी चष्मा वर केला. "हेमचंद्र, बघ. मधला फुगवटा बघ. मी तेव्हाच म्हणालो होतो, जास्त होतोय."

"जास्त नाहीये," आजोबा खोकला विसरून म्हणाले. "पाणी वाहून जायला तेवढा लागतो."

मग दोघांनीही एकदम चहाचे कप तोंडाला लावले. स्वयंपाकघरातून चित्राआजी म्हणाली, "अहो, आता सांगा तिला. पोरगी उद्या तुमच्या रस्त्यावर भाषण देणार आहे."

तर झालं असं होतं. १९७५ साली इथे पाच-सहा मराठी कुटुंबं होती आणि गणपती विसर्जनाला हाच ओढा. मूर्ती शाडूची, दोन फुटी. त्या वर्षी चिखलात शंतनुआजोबा मूर्तीसकट घसरले आणि त्यांचा बूट आजतागायत मिळालेला नाही. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात चार इंजिनियर जमले.

"दोन फळ्या टाकल्या असत्या तरी चाललं असतं," आजी म्हणाली. "पण यांनी आधी ड्रॉइंग काढलं. गणपती दोन फुटांचा आणि रस्ता ट्रक जाईल असा."

"परवानगी घेतली होती?" मी विचारलं.

आजोबांनी चहात बिस्किट बुडवलं आणि ते पूर्ण विरघळेपर्यंत धरून ठेवलं. "अर्ज करायचा राहिला," ते म्हणाले. "गौरांगी, तुझे सैनिक काय वाईट आहेत? बोर्ड छापून झालाय. तू मस्त बोलशील, टाळ्या पडतील. मी तीस वर्षं लोकांना विनापरवाना कामाबद्दल झापलंय गं."

मी रात्रभर विचार केला असं म्हणणार होते, पण मी झोपले. सकाळी उठून स्लाइड्स बदलल्या, आणि आजोबांना तसं सांगितलं. ते टाय बांधून गाडीत येऊन बसले.

लायब्ररीत मी दुसऱ्या स्लाइडपर्यंत आले. नजर वॉशरूमच्या दाराकडे गेली. समोर मिस्टर फ्रेझर कापडाने झाकलेल्या बोर्डाशेजारी प्रेमाने उभे. मी म्हणाले, "हा रस्ता दोनशे वर्षांचा नाही. तो माझ्या आजोबांनी बांधला. मी चुकले होते."

गंमत म्हणजे हे बोलल्यावर वॉशरूमची आठवणच राहिली नाही. मग मी सुटलेच. चिखल, बूट, थर, नकाशे, सगळं. शेवटी आजीच्या अल्बममधला मूर्तीचा फोटो लावला: सोंड, मोठे कान, भोवती टाय घातलेले पुरुष, ओढ्यात गुडघाभर.

मागच्या रांगेत मिस्टर फ्रेझरची धाकटी बहीण डोरीन उभी राहिली. "मी हे बघितलंय," ती म्हणाली. "सहा वर्षांची होते. टाय लावलेल्या माणसांनी गाणी म्हणत हत्तीचं पिल्लू बुडवलं, असं मी घरी सांगितलं. खोटं बोलते म्हणून मला जेवणावरून उठवलं. शाळेतली पोरं चिडवायला त्या जागेला एलिफंट क्रीक म्हणायला लागली." तिने भावाकडे बोट दाखवलं. "सर्कस याने नंतर काढली."

"मी लॉजिकली विचार केला," मिस्टर फ्रेझर म्हणाले.

मग रस्ता कोणाच्या परवानगीने बांधला, ते त्यांनी विचारलं. आजोबा उठले. "कोणाच्याच नाही," ते म्हणाले. "अर्ज करायचा राहिला. आता चालेल का?"

सगळं सभागृह हसलं. मिस्टर फ्रेझरही थोडंसं. त्यांनी बोर्डावरचं कापड तसंच राहू दिलं आणि विचारलं, "नवा मजकूर कोण लिहिणार?"

"मी," मी म्हणाले. "पण या वेळी आधी माणसांना विचारणार, मग लिहिणार."

मी स्टेजवरून उतरले, एक खुर्ची ओढून डोरीनसमोर बसले आणि वही उघडली. तिने पर्स खाली ठेवली, भाऊ ऐकतोय ना ते पाहिलं, आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागली.