एक प्रशिक्षित व्यक्ती हजर

"मुलाचा श्वास म्हणजे आमच्या संस्थेचा श्वास!" पाळणाघराच्या बाई पालकसभेत असं म्हणाल्या, की दोन-चार आयांच्या डोळ्यांना रुमाल लागायचे. प्रत्यक्षात हे श्वासखातं बाईंनी मुलं सांभाळणाऱ्या एकट्या ताईच्या गळ्यात मारलं होतं आणि स्वतः मोकळ्या झाल्या होत्या.

नियमच तसा होता. जीव वाचवण्याचं प्रशिक्षण घेतलेली किमान एक व्यक्ती आवारात हजर हवी. छाती कशी दाबायची, श्वास कसा द्यायचा, घशात अडकलेलं कसं काढायचं, हे सगळं ताई शिकून आली होती. आल्यापासून तिचं एकच टुमणं, सगळ्यांनीच शिका. बाई म्हणायच्या, सगळ्या शिकायला गेल्या तर मुलं काय भिंती सांभाळणार? आणि तू आहेस की! खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. हाताखालच्या बायकांसमोर गुडघे टेकून रबरी बाहुलीच्या तोंडात फुंकर मारायची, या कल्पनेनंच त्यांना घाम फुटायचा. मारली आणि चुकली तर?

त्या दुपारी ताई बाथरूममध्ये गेली. इकडे दहा महिन्यांच्या ठमीच्या हाती कुणाच्या तरी डब्यातली सफरचंदाची फोड लागली. बाई शेजारीच होत्या. ठमी रडली असती तर बरं झालं असतं. ती रडेना, खोकेना. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले आणि ओठ निळसर होत चाललेले.

बाई तिला घेऊन बाथरूमच्या दारावर धडकल्या. "ताई, ठमीच्या घशात अडकलंय! आवाजच निघत नाहीये!"

आतून कडी ओढल्याचा आवाज आला. परत आला.

"कडी निघत नाहीये, बाई."

नियमाप्रमाणे प्रशिक्षित व्यक्ती आवारात हजर होती.

ताईनं आतूनच, ओरडा ऐकून धावत आलेल्या स्वयंपाकाच्या मावशींना रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं. बाईंचं बोट ठमीच्या तोंडाकडे निघालं होतं.

"तोंडात दिसतंय काही?"

"नाही गं."

"मग बोट घालू नका, आणखी आत जाईल. हातावर पालथी घ्या. जबडा धरा, डोकं खाली. पाठीवर, खांद्यांच्या मधोमध तळव्यानं पाच थापा."

बाईंनी थोपटलं. दुपारी मुलांना झोपवताना थोपटतात, अगदी तसं. ते दारापलीकडेही कळलं असावं.

"अहो, झोपवू नका तिला! जोरात मारा!"

बाईंनी मारलं. काही नाही. मग ताईच्या सांगण्यावरून उताणी, छातीच्या मध्यावर दोन बोटं, पाच दाब. बाई मोठ्यानं मोजत होत्या आणि तीननंतरचा आकडा त्यांना आठवेना. ठमीचा हात सैल पडत चालला होता. पुन्हा पालथी, पुन्हा थापा, आणि फोड फरशीवर पडली.

ठमीनं असा काही सूर लावला, की सगळं पाळणाघर रडायला लागलं. बाईसुद्धा.

त्या दाराला टेकून खालीच बसल्या. ठमी बेशुद्ध पडली असती, तर तूच सांगितलं असतंस ना पुढचं, असं त्यांनी हळूच विचारलं.

"सांगितलं असतं. पण हात तुमचेच लागले असते, बाई."

वाचकहो, जाणकार माणूस इमारतीत असणं वेगळं आणि मुलापाशी असणं वेगळं. जिच्या हाती मूल, तिच्या हाती ती विद्याही हवी. बाईंना हे पटलं. उद्यापासून सगळ्या शिकणार, पहिली फुंकर मी मारणार, मावशींनाही सुट्टी नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

"छान होईल, बाई," आतून ताई म्हणाली. "तोवर एखाद्या सुताराला बोलावता का?"