कोरा पासवर्ड

महाडच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात श्रीपत गेटवर होता. गाव उमरठ, वय बावन्न. मुंबईत वीस वर्षं वॉचमनकी करून परत आला, तर इथे त्याच्या नशिबी कंप्युटर आला. आत येणाऱ्या प्रत्येक टँकरची नोंद करायची. त्यासाठी आधी आपला कामगार नंबर टाकायचा, खाली पासवर्ड. नंबर तोंडपाठ होता. पासवर्डाशी मात्र त्याचं कधीच जमलं नाही.

मे महिन्यातल्या एका सकाळी टँकरांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली. ड्रायव्हर हॉर्न मारायला लागले. घाईत श्रीपतने पासवर्डाची जागा कोरीच ठेवून एन्टर मारला आणि पडदा उघडला. त्याला वाटलं, रोज तोंड बघून मशीनला आता आपली ओळख पटली. पुढचे आठ दिवस त्याने पासवर्ड टाकलाच नाही.

नवव्या दिवशी मॅनेजर किशोरसाहेब गेटवर आले, त्याच्या कंप्युटरवर काहीतरी बघून निघून गेले. त्यांचा नंबर वरच्या चौकोनात तसाच राहिला होता. श्रीपतने सवयीने एन्टर मारला, तर साहेबांचंच पान उघडलं. रजेचे अर्ज एकाखाली एक. तिसरा त्याचा होता, घर शाकारायला दोन दिवस. गावातली चार माणसं सांगून ठेवलेली, नवी कौलं अंगणात येऊन पडलेली, पाऊस तोंडावर, आणि साहेबांना दहा दिवस अर्ज बघायला सवड नव्हती. अर्जापुढे मंजुरीचं हिरवं बटण होतं. श्रीपतने इकडेतिकडे बघितलं आणि दाबलं.

बरं वाटलं, पण ते जेवणाच्या सुट्टीपर्यंतच. डबा उघडताना त्याचं लक्ष गळ्यातल्या कार्डाकडे गेलं. सगळ्यांचे नंबर असे कार्डावर छापलेले. मी साहेबांच्या नावाने आत जाऊ शकतो, तर कोणीही जाईल. आणि आत काय फक्त रजा होत्या? अ‍ॅसिडच्या टाक्यांचे व्हॉल्व्हसुद्धा ह्याच नंबर-पासवर्डावर उघडायचे. सांगावं, तर हिरव्या बटणाची गोष्ट बाहेर येणार. ह्या वयात दुसरी नोकरी कोण देणार? त्याने डबा झाकला आणि ऑफिसकडे निघाला.

कंप्युटरचं सगळं काम दिशाकडे होतं. पोलादपूरची मुलगी, सकाळच्या एसटीला त्याच्याबरोबर असायची.

"ताई, एक दाखवायचं हाय," श्रीपत म्हणाला. "पण आधी सांगतो, माझ्या हातून चुकीचं काम झालंय."

तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "काका, कोरा पासवर्ड आपला सर्व्हर घेणारच नाही."

"घेतो. तुम्ही बघा तरी."

दिशाने स्वतःचा नंबर टाकला, खाली काहीच नाही. उघडलं. किशोरसाहेबांचा टाकला. उघडलं. मग तिने टाक्यांचं पान मागितलं. तेही उघडलं, तशी ती खुर्चीतून उठलीच. फोन उचलून तिने टाक्यांवरच्या माणसांना सांगितलं, "टाक्यांची कंप्युटरची लाइन काढतेय. व्हॉल्व्ह हाताने चालवा, मी सांगेपर्यंत." गेटलाही कागदी रजिस्टर काढायला लावलं.

"झालंय तरी काय?" श्रीपतने विचारलं.

"कारखान्याची एक वही आहे असं समजा, काका. कोण माणूस, त्याला कुठलं दार उघडायचं, सगळं तिच्यात. गेट, रजा, टाक्या, सगळे तिलाच विचारतात. पासवर्ड चुकला तर ती नाही म्हणते. पण कोराच दिला, तर म्हणते, 'हा कोण ते मी तपासलेलं नाही, पण असू दे.' आणि आपले प्रोग्रॅम तेवढं 'असू दे' ऐकून दार उघडतात."

"म्हंजे चूक वहीची?"

"माझी. गेल्या महिन्यात ही वही असलेला सर्व्हर नव्या मशीनवर नेला. जुन्यावर हे बंद केलेलं होतं. नव्यावर बंद करायचं राहिलं."

एवढ्यात किशोरसाहेब आलेच. टाक्यांची लाइन कोणी काढली, टँकर का तुंबलेत, आवाज चढलेला. दिशाने थोडक्यात सांगितलं.

"आणि हे सापडलं कोणाला?"

"मी तपासत होते, तेव्हा..." तिने सुरुवात केली.

"मला सापडलं, साहेब," श्रीपत मध्येच बोलला. "आणि माझी रजा तुमच्या नावाने मीच मंजूर केली."

साहेब त्याच्याकडे वळले. "गपचूप रजेवर गेला असतात. मग सांगायला कशाला आलात?"

"आत टाक्या हायत ना, साहेब."

साहेब खुर्ची ओढून दिशाच्या शेजारी बसले.

तीन तासांनी काम उरकलं. कोरा पासवर्ड आता सर्व्हर घेत नव्हता. जुन्या नोंदी चाळून दिशाने खात्री केली, सर्व्हर बदलल्यापासून त्या वाटेने गेटच्या कंप्युटरशिवाय कोणी आत आलं नव्हतं. तरी सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले. संध्याकाळी दिशा आणि श्रीपत, दोघांनाही लेखी मेमो मिळाले. श्रीपतची रजा रद्द झाली. साहेबांनी त्याला नवा अर्ज करायला लावला आणि त्याच्यासमोर मंजूर केला, पण एकच दिवस.

एका दिवसात निम्मंच छप्पर झालं. उरलेल्यासाठी त्याच्या बायकोने, चंद्राबाईने, आपल्या भावाला बोलावून घेतलं. "खरं बोलायचं होतं तर बोलायचं," त्या दिवशीचं शेवटचं कौल छपरावर देता देता ती श्रीपतला म्हणाली, "पण घर शाकारून झाल्यावर सुचलं असतं तर काय बिघडलं असतं?"

श्रीपतने कौल घेतलं आणि नीट बसवलं.