एका वेगळ्या मतासाठी वाजलेला शंख

मी एक जुना शंख आहे. मित्रांनो, सामोआ बेटावरच्या आमच्या गावात माझी हाक कोणी मोडत नाही. मला मात्र माझ्याच आवाजाची धडकी भरते.

गावातल्या अपेलूच्या आजोबांनी मला उथळ समुद्रातून उचललं, कुशीला भोक पाडलं आणि गावाला दिलं. तेव्हापासून रोज सूर्य टेकला की मी वाजतो. माणसं हातातली कामं टाकून घरात जातात, प्रार्थनेला बसतात. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. "आपला शंख म्हणजे शंख!" असं लोक म्हणत, तेव्हा मी फुशारून जाई. आजोबांनंतर अपेलू मला फुंकू लागला. त्याचा श्वास लांब आणि शांत होता.

मग निवडणूक आली. बैठकीत गावचे प्रमुख फुइमाओनो म्हणाले, "सगळी मतं माझ्या भावाला. ठरलं."

चटया विणणारी म्हातारी फिलेमु तेवढी पुटपुटली, "मग पेटी कशाला आणता? तुम्हीच टाका की सगळी!"

बायका तोंड दाबून हसल्या. प्रमुख हसले नाहीत.

मतमोजणी झाली. आमच्या गावच्या पेटीत एक मत दुसऱ्या उमेदवाराला निघालं. एकच!

दुसऱ्या दिवशी दुपारीच बैठक भरली. "अपेलू, फिलेमुच्या दारात जाऊन शंख फुंक," प्रमुख कडाडले. "सूर्य टेकायच्या आत तिनं गाव सोडायचं. घर इथंच राहील. तिची डुकरं गावजेवणाला."

"मी नाही हो दिलं ते मत!" फिलेमु रडायला लागली. "या वयात कुठं जाऊ मी?"

"बोलायची फार हौस ना तुला? आता बोल रस्त्यावर!"

अपेलूने मला ओठांना लावलं. श्वास आलाच नाही. त्याचे दात माझ्या कडेवर वाजत होते. मला सगळं कळून चुकलं. त्याने मला खाली घेतलं.

"म्हातारीला सोडा. मत माझं आहे."

प्रमुखांनी मला त्याच्या हातातून ओढून त्याचा मित्र लिओ याच्याकडे दिलं. "माफ कर रे," लिओ कसंबसं म्हणाला आणि त्याने मला फुंकलं.

वाटलं, कोणीतरी अपेलूजवळ उभं राहील. पण मी वाजलो की घरात जायचं, ही सगळ्यांची सवय! घराघरांतले झावळ्यांचे पडदे खाली आले. फिलेमुसुद्धा आत गेली. अपेलू बायकोला घेऊन त्या मोकळ्या रस्त्याने निघून गेला.

सहा महिन्यांनी अपेलूच्या तक्रारीवर कोर्टाचा कागद आला. सरकारी माणसाने तो सगळ्यांसमोर वाचला. मत ज्याचं त्याचं, प्रमुखाचं आणि चटईवालीचं सारख्याच मोलाचं, त्यासाठी कोणाला गावाबाहेर काढता येणार नाही. अपेलू परत आला, त्याचं घर त्याला मिळालं. मी म्हटलं, सुटलो बाबा!

परवा पुढच्या निवडणुकीची मतमोजणी झाली. आमच्या पेटीत वेगळं मत एकही नव्हतं. अपेलूचंसुद्धा नाही.

आता मी बैठकीच्या घराच्या तुळईवर पडून असतो. पाऊल वाजलं तरी दचकतो. मित्रांनो, प्रार्थनेसाठी वाजलो तर खुशाल घरात जा. पण कोणाला हाकलण्यासाठी मला फुंकलं, तर तुमच्या पाया पडतो, एकजण तरी पडदा वर करून रस्त्यावर या.