तांबडी साडी दोरीवर

शिरोड्याहून आरोंद्याकडे जाणारा रस्ता एका जागी माडांच्या राईला वळसा घालतो. त्या वळणावर हौसाबाईची टपरी. शहाळी, कोकम सरबत, आणि आपलं माणूस आलंच तर चुलीवरचा चहा. टपरीच्या बाजूला दोन माडांना बांधलेली एक दोरी, आणि त्या दोरीवर कधी असे, कधी नसे, अशी एक तांबडी नऊवारी साडी.

ती साडी काही वाळायला घातलेली नसे. वळणाच्या पलीकडे, वडाखाली, पोलिसांची पांढरी गाडी येऊन उभी राहिली की हौसाबाई साडी पाण्यात बुचकळायची आणि दोरीवर टाकायची. गाडी गेली की साडी काढायची. वळणाआधी लागणाऱ्या मळ्याच्या अलीकडूनच ती तांबडी रेघ डोळ्यांत भरायची. मासळीच्या पिकअपवाले, रिक्षावाले, वाळूचे डंपर, सगळे जाणून होते. साडी दिसली की पाय आपोआप हलका व्हायचा. गाड्या वळणावर अशा यायच्या, जणू पालखीच चालली आहे.

हे सुरू झालं नदीमसाठी.

नदीम म्हणजे वजीराचा मुलगा. वजीरा आणि हौसाबाई एकाच पावसाळ्यात या गावात नवऱ्या होऊन आल्या. एक रस्त्याच्या या अंगाला, दुसरी खाडीच्या अंगाला. मधला रस्ता तेव्हा मातीचा होता आणि त्याला कसलीच घाई नव्हती. हौसाबाईला मूल झालं नाही. नदीम चालायला शिकला तो तिच्या अंगणात, माडाच्या झावळीला धरून. आता तो मासळीची पिकअप चालवायचा. बंदरावरून बांगडे, सुरमई भरायची आणि बर्फ विरघळण्याआधी गोव्याच्या बाजारात टाकायची. बर्फाचं पाणी गाडीमागे ठिबकायला लागलं की नदीमला वाटायचं, आपलंच रक्त गळतंय. मग पाय खाली जायचा.

दोनदा तो पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या लेझरच्या दुर्बिणीत गावला. दुसऱ्यांदा लायसन्स जप्त होऊन घरी बसावं लागलं. हातात स्टिअरिंग नसलेला नदीम अंगणात जाळी शिवत बसायचा, आणि रस्त्यावरून एखादी पिकअप गेली की मान न उचलता सांगायचा, कोणाची आहे ते. वजीराला ते बघवेना. लायसन्स परत मिळालं तेव्हा ऑफिसात बजावलं होतं, आता पुन्हा गावलास तर ते कायमचं विसर. वजीरानं हे हौसाबाईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वडाखाली पांढरी गाडी दिसली आणि तिनं साडी बादलीत बुडवली.

नदीमला मात्र नुसत्या साडीचा भरवसा नव्हता. त्याचे आपले उपाय चालूच असत. आधी त्यानं आरशाला चकचकीत सीडी टांगल्या. म्हणे लेझरचा उजेड त्यांच्यावर आपटून परत फिरतो. मग आरोंद्याच्या कोणीतरी डोक्यात भरवलं, की होडीला लावतात ते काजूच्या टरफलाचं काळं तेल दिव्यांच्या कडांना आणि नंबरप्लेटला फासलं की उजेड त्यात मुरतो. त्या तेलावर वाटेतली सगळी धूळ बसली, नंबर वाचता येईना, आणि त्याचा दंड निराळा झाला. हल्ली त्यानं ऑनलाइन एक काळी डबी मागवून बंपरला स्क्रूनं बसवली होती.

"मावशे, ही डबी लेझरक आंधळो करता," तो टपरीवर चहा फुंकत म्हणाला.

"आणि तुका?"

"माका कित्या?"

"तुका आधीच कमी दिसता, म्हणान इचारलंय. परवा माझी कोंबडी वाचली ती तिच्या नशिबान."

"कोंबडी मधीच इली."

"कोंबडी रस्त्याच्या आधीपासून हयसर आसा रे मेल्या."

डबीची खरी गजाल हौसाबाईला कळली ती प्राजक्ताकडून. प्राजक्ता म्हणजे दुर्बीण धरणारी पोलीस. घाटाच्या पायथ्याच्या गावातली, भातशेतीच्या घरातली मुलगी. गणवेशात असली की बोलणं एकदम छापील मराठी, पण उन्हानं जीव कावला की टपरीवर येऊन सरबत मागायची.

"बाय, ह्या तुझ्या दुर्बिणीक फसवूक येता काय गो?" हौसाबाईनं एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

प्राजक्ता हसली. "लोक पुष्कळ काय काय करतात, मावशी. सीडी, फिल्म, डब्या. मी लांबून नंबरप्लेटवर नेम धरते. उजेड गाडीवर जातो आणि परत येतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्यांची डबी ओरडते ती उजेड लागल्यावर. तोवर माझ्याकडे आकडा आलेला असतो. उजेड अडवणाऱ्या डब्या असतात म्हणे, पण त्या लावल्या की यंत्र आकडाच दाखवत नाही, आणि मग मी गाडी अडवून बघते, हिला लाज कसली वाटते ते."

"म्हणजे उपाय नायच?"

"एक आहे. हळू चालवायचं."

सरबताचा ग्लास खाली ठेवून प्राजक्तानं दोरीकडे बघितलं. "ही साडी तुमची वाळतच नाही काय हो, मावशी? मी येते तेव्हा ओलीच असते."

हौसाबाईनं शहाळ्यावर कोयता मारला. "खाऱ्या वाऱ्यात कापड वाळणा नाय गो."

जाताना प्राजक्तानं दोरीवर कलंडलेलं साडीचं टोक सरळ केलं, एवढंच.

आता यात एक गोष्ट अशी झाली, जी ना हौसाबाईनं ठरवली होती, ना कोणी. रस्त्याच्या पलीकडच्या वाडीतली माणसं याच वळणावर रस्ता ओलांडायची. शाळेची पोरं, दूध घालणारे, डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकणारी वजीरा. त्यांना गाडी, पोलीस, दुर्बीण यांच्याशी देणंघेणं नव्हतं. पण साडी दोरीवर असली की रस्ता गरीब होतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलं. साडी असली की खुशाल ओलांडायचं. नसली तर थांबायचं, कान द्यायचा, दोन्हीकडे बघायचं. वजीराला उजव्या कानानं नीट ऐकू येत नव्हतं. तिच्यासाठी तर ती साडीच कान झाली होती.

आणि एके दिवशी दुपारी हौसाबाई साडी काढायला विसरली.

झालं असं, की पुण्याची दोन गाड्या भरून माणसं शहाळ्यांसाठी उतरली. कोणाला पातळ मलई हवी, कोणाला जाड, कोणाला कोयत्यासोबत फोटो हवा. त्या गडबडीत वडाखालची पांढरी गाडी कधी उठली ते तिला दिसलं नाही. ती माणसं गेली, हौसाबाई शहाळ्यांची सोडणं गोळा करायला वाकली, आणि तांबडी साडी वाऱ्यावर हलत राहिली.

ड्रायव्हरांच्या ग्रुपवर मात्र मेसेज पडला होता. 'वडाखालची गाडी उठली.'

नदीम बंदरावरून दुसरी खेप भरून येत होता. उन्हानं बर्फ झपाट्यानं जात होता. मळ्याच्या अलीकडे त्याला साडी दिसली, आणि तो स्वतःशीच हसला, मावशी इसारली. त्यानं पाय दाबला.

वजीरा पलीकडच्या कडेला उभी होती. तिनंही साडी बघितली. पाटी डोक्यावर सावरली आणि रस्त्यात उतरली.

हौसाबाईला आधी आवाज आला. टायरचा, रबर जळल्यासारखा. मागोमाग क्रेट एकावर एक कोसळल्याचा. ती धावली तेव्हा पिकअप रस्त्यात आडवी होती, मागचं फळकूट उघडलं होतं, आणि डांबरावर बांगडे आणि बर्फ पसरला होता. त्या बर्फात वजीरा उभी. पाटी पडलेली. पिकअपचं नाक तिच्या पदराला लागलं होतं. नुसतं लागलं होतं.

नदीम दार उघडून खाली उतरला आणि तिथंच फुटबोर्डवर बसला. "अम्मा," एवढंच म्हणाला.

वजीरानं त्याच्याकडे बघितलंच नाही. ती हौसाबाईकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. नवल होतं. भरतीच्या वेळी ओहोटी दिसली तर बघावं तसं.

"साडी होती मगो हौसा," ती म्हणाली. "मी साडी बघून उतरलंय."

त्या एका वाक्यानं हौसाबाईच्या छातीत जे बसलं, ते दिवस मावळला तरी हललं नाही. नदीमनं बांगडे गोळा केले, वाडीतल्या बायांनी मदत केली. जाताना तो टपरीशी थांबला. "मावशे, चूक तुझी नाय. माका म्हायत होता, गाडी उठली ती."

"माकाच म्हायत नव्हता," हौसाबाई म्हणाली. "आणि तुझ्या आवशीक तरी कोण सांगतलो? ती तुमच्या ग्रुपार नाय."

संध्याकाळी तिनं साडीची घडी मांडीवर घेतली. ही साडी तिच्या लग्नातली. आई जात्यावर म्हणायची ती एक ओवी तिच्या ओठांवर आली, फार वर्षांनी.

*वाटे गो बाये, आड धर तुझो पदर*
*धावता लेक पुढे, मागे रवता घर*

पदर आड धरायचा तो लेकानं थांबावं म्हणून. आपण धरला तो कोणापासून लपावं म्हणून? ती बराच वेळ घडीवरून हात फिरवत बसली. पोराला वाचवायला म्हणून जे केलं, त्यानं पोराला एवढंच शिकवलं, की भ्यायचं ते दुर्बिणीला. वळणाला नाही, कोंबडीला नाही, आईलाही नाही.

सकाळी ती टपरी उघडत होती, तोच पांढरी गाडी येऊन वडाखाली लागली. एवढ्या लवकर ती कधी यायची नाही. ग्रुप अजून उठायचा होता. आणि नदीमची पहिली खेप आता कोणत्याही क्षणी मळ्याच्या पलीकडून दिसणार होती.

हौसाबाईचा हात सवयीनं साडीकडे गेला. तिनं ती बादलीत बुडवलीसुद्धा. पाणी गळणारी साडी हातात धरून ती दोरीखाली उभी राहिली.

घातली, तर लायसन्स राहील. तो साडी बघेल, हळू होईल, आणि उद्या पुन्हा साडीच बघेल. नाही घातली आणि तो कालच्यासारखाच आला, तर वडाखाली प्राजक्ता त्याचा नेम धरेल. मग तो अंगणात जाळी शिवत बसेल, मान खाली घालून, आणि या खेपेला कायमचा. वजीरा तिला काय म्हणेल? तू डोळ्यांनी बघत होतीस आणि सांगितलं नाहीस?

पलीकडच्या कडेला वजीरा पाटी घेऊन आली होती. तिनं रिकाम्या दोरीकडे बघितलं, मग हौसाबाईच्या हातातल्या निथळत्या साडीकडे, मग वडाखाली. तिला सगळं कळलं. हौसाबाई तिच्याकडे बघत राहिली. वजीरानं होकाराची मान हलवली असती, तर साडी दोरीवर गेली असती.

वजीरानं मान हलवली नाही. तिनं पाटी खाली ठेवली आणि ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

मळ्याच्या पलीकडे पिकअप दिसली. हौसाबाईनं साडी बादलीत टाकली आणि हात पोटाशी धरले.

गाडी मळ्यावरून आली. माडांच्या आड गेली. आवाज येत होता, पण कालचा नाही. इंजिन गिअर खाली घेताना कण्हतं तसा. मग ती वळणावर दिसली, आणि हौसाबाईला पहिल्यांदा दिसलं ते बंपरवरचं रिकामं ठिकाण. काळी डबी नव्हती. स्क्रूची दोन भोकं होती, नुसती.

नदीमनं दोरीकडे बघितलं. दोरी रिकामी होती. म्हणजे त्याच्या हिशेबानं वडाखाली कोणी नव्हतं. त्यानं पाय दाबला नाही. आईला बघून तो थांबला. पार थांबला, आणि खिडकीतून हात बाहेर काढून तिला ओलांडायची खूण केली.

मागून एका पर्यटकांच्या गाडीनं हॉर्न धरला. वजीराला तो ऐकू आला नसावा, किंवा आलाही असेल. तिनं सावकाश पाटी उचलली, चुंबळ नीट केली, आणि ती रस्ता ओलांडू लागली. एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे, आणि मध्यावर आल्यावर मुलाकडे.

"बर्फ गळता मरे तुझो," ती म्हणाली.

"गळूंदे," नदीम म्हणाला.

तो पुढे गेला. मागची गाडी त्याला कापून सुसाट निघाली, आणि वडाखाली प्राजक्तानं हात आडवा केला.

थोड्या वेळानं ती सरबताला आली. टोपी काढून तिनं कपाळ पुसलं. "तुमच्या नदीमचा आकडा बघितला. अठ्ठावीस." मग तिचं छापील मराठी जरासं सैल झालं. "आज साडी घातलास नाय ती, मावशी?"

"बादलीत आसा," हौसाबाई म्हणाली.

दिवसभराची गिऱ्हाइकं झाल्यावर तिनं साडी पिळली. ओलं कापड ठेवून कुबट होऊ द्यायचं नाही, हे तिला आईनं शिकवलं होतं. ती घराच्या मागे गेली, जिथून रस्ता दिसत नाही, आणि मेंदीच्या कुंपणावर ती साडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. बऱ्याच दिवसांनी ती साडी नुसतीच वाळत होती.