सुप्रियाचा खालचा वेळ

पोरगी पाण्याखाली होती आणि मी धरणाच्या काठावर मोटरसायकलला टेकून उभा होतो. तिला न कळवताच आलो होतो. दिवाळीच्या आधी माझ्याशी भांडून गेली, ती दिवाळीलाही आली नाही. बुडालेली माणसं शोधून काढायचं पथक म्हणे, आणि त्यात ही. "हे बायामानसाचं काम हाय का?" एवढंच मी विचारलं होतं. तेव्हापासून ती खाली वेल्ह्यात खोली घेऊन राहते आणि तिची आई, सारजाबाई, घरी माझं डोकं खाते. आज तर तिनं सांगूनच टाकलं, पोरीला घेतल्याशिवाय परत येऊ नका.

आमची वस्ती धरणाच्या वर, डोंगराच्या सोंडेवर. धनगरांची पाच-सात घरं आणि बाकी सगळी शेरडं-मेंढरं. चढ खडा आहे, पण आता मोटरसायकल जाते. दिवेलागणीला मायलेकी चुलीपुढं बसलेल्या असतील, असं मी धरूनच चाललो होतो.

सुप्रिया वर आली. अंगाला चिकटलेला काळा पोशाख, पाठीवर हवेचं नळकांडं. मला बघून जागीच थांबली, मग हसली.

"आप्पा! कदी आला तुमी?"

"चल घरी. आईनं बोलावलंय."

तिचा चेहरा खुलला, मी डोळ्यांनी पाहिला. मग तिनं मनगटावरच्या जाडजूड घड्याळात बघितलं आणि तोंड उतरलं.

"आज न्हाई जमायचं, आप्पा. सकाळी येते."

"आज काय धाड भरलीय?"

"दोनदा खाली जाऊन आले. आता लगीच उंचावर जाता येत न्हाई."

आयुष्यात सबबी पुष्कळ ऐकल्या, ही मात्र नवी होती. तिनं मला दगडावर बसवलं आणि समजवायला लागली. खोलात पाणी अंगावर दाबतं. त्या दाबात घेतलेला श्वास रक्तात मुरतो. जितकं खोल जाल आणि जितका वेळ राहाल, तितका जास्त मुरतो. वर सावकाश आलं तर तो हळूहळू निघून जातो. घाई केली तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे होतात, सांध्यात नाहीतर मणक्यात. म्हणून प्रत्येक खोलीला मिनिटांची हद्द ठरलेली. हद्दीच्या आत निघालं तर सरळ वर येता येतं, ओलांडली तर मधेच पाण्यात थांबून राहावं लागतं.

"तू हद्दीत व्हतीस का न्हाई?"

"व्हते की."

"मग झालं तर! बस गाडीवर."

"आप्पा, ती हद्द पाण्याच्या वर येन्यापुरती. तिथनं पुढं डोंगर चढायची न्हाई. वर हवा इरळ असते. अंगात उरलेलं आजून निघायचंय, त्याला रात जाऊ द्यायची."

मी म्हटलं, हिला बोलण्यात धरू. "किती येळ व्हतीस खाली?"

"पंचवीस मिंटं."

"खोटं! म्या मोबाईलात बघितलंय. डोकं बुडल्यापास्नं वर येस्तवर अर्ध्या तासाच्या वर झालं."

"वर येतानाचा येळ त्यात धरत न्हाईत. डोकं बुडल्यापास्नं वर यायला निघेपर्यंतचा, तेवढाच खालचा येळ."

"आन् खाली जातानाचा?"

"त्यो धरतात."

आमच्या बाया विंझरला भातलावणीला जातात, त्यांची चाल मजुरीत जातानाही कुणी धरत नाही आणि येतानाही नाही. मेंढरं चारायला नेली तर दोन्ही वाटा धरायच्या. जातानाची वाट मोजायची आणि येतानाची सोडून द्यायची, हे गणित कुठलं? ती म्हणाली, जाताना मुरत असतं, येताना निघत असतं. त्यात पहिल्या बुडीचं उरलेलं दुसरीत धरायचं. त्यात हे धरणच समुद्रापासून उंच, म्हणून मिनिटं आणखी कमी. तिला शिकवणाऱ्या शेफाली मॅडम मागं उभ्या राहून माना डोलवत होत्या. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीच वाटली. आज अंगात हवा आहे म्हणेल, उद्या आणखी काही म्हणेल, आणि पोरगी घरची कायमची तुटेल.

"सरळ सांग की, यायचंच न्हाई म्हनून."

तिचे डोळे भरून आले. "यायचं नसतं तर एवढं समजावत बसले असते का?" असं म्हणून ती सामान धुवायला निघून गेली.

खरं धरावं की रुसवा धरावा, मला कळेना. मी बाजूला जाऊन सारजाबाईला फोन लावला आणि सगळं भडाभडा सांगितलं. मिनिटं, बुडबुडे, डोंगर. मलाच कळलं नव्हतं, तर तिला काय कळणार. तिनं उलट विचारलं.

"तिला येऊ वाटत न्हाई, का येता येत न्हाई?"

"येता येत न्हाई म्हनं."

"आन् मला खाली जाता येतं का न्हाई?"

"तुला कोन आडवतंय? पर तुजं गुडघं..."

"गाडीची वाट न्हाई बगत, म्या निगाले पायवाटंनं. शेरडं तुमी येऊन कोंडा."

चार महिने गुडघ्यांपायी ती वस्तीबाहेर पडली नव्हती. आणि इतका वेळ हिशेबाला हिशेब लावत बसलेल्या मला ही एवढी गोष्ट सुचली नव्हती. मी सुप्रियाला जाऊन सांगितलं, आई येतेय खोलीवर. ती ओल्या अंगानं मला बिलगली.

"आन् तुमी?"

"शेरडं हाईत," म्हटलं आणि गाडीला किक मारली.

वर आलो, शेरडं कोंडली, चूल पेटवायचा कंटाळा केला. मायलेकींना एकमेकींशीच बोलायचं असेल, मी तिथं अडचणच, असं मनाला समजावत ओट्यावर बसून राहिलो. दिवस मावळता मावळता फोन वाजला.

"आई पोचली, आप्पा. भाकरी थापतीया."

"बरं झालं."

मग म्हणाली, "तुमी पन थांबायचं की. शेरडं काय, शेजारच्या गोरखकाकानं बगितली असती."

फोन ठेवला, गाडीची किल्ली घेतली आणि गोरखच्या दारात जाऊन त्याला हाक मारली.